बेंजामिन ब्रिटन : ऑल्डबराचा संगीतकार

१९४१ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मुक्कामाला असलेल्या एका सत्तावीस वर्षांच्या इंग्रज संगीतकाराच्या हाती ‘द लिसनर’ या बीबीसीच्या साप्ताहिकाचा एक अंक पडला. त्यात ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराचा जॉर्ज क्रॅब या जुन्या कवीवर लेख होता. क्रॅब १७५४ मध्ये जन्मला तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑल्डबरा या मासेमारीच्या गावात. खाऱ्या वाऱ्याचे, चिखलट खाड्यांचे आणि गोट्यांनी भरलेल्या किनाऱ्याचे हे गाव संगीतकाराच्या जन्मगावापासून फारसे दूर नव्हते. तो लेख वाचता वाचता बेंजामिन ब्रिटनला एकाच वेळी दोन गोष्टी उमगल्या. आपल्याला एक ऑपेरा लिहायचा आहे, ही पहिली. आपल्याला घरी परतले पाहिजे, ही दुसरी. परतणे सोपे नव्हते. इंग्लंड युद्धात होते, अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या आणि ब्रिटन हातात शस्त्र घेण्यास तयार नव्हता.

त्याचा जन्म २२ नोव्हेंबर १९१३ रोजी सफक परगण्यातील लोस्टॉफ्ट या बंदराच्या गावी झाला. ख्रिस्ती परंपरेत हा दिवस संगीताची संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत सिसिलियाचा. वडील रॉबर्ट दंतवैद्य होते. आई एडिथ हौशी गायिका होती आणि घरातल्या संगीताचा सूर तिचाच होता. चार भावंडांत बेंजामिन शेंडेफळ. तीन महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला. तो वाचला, पण हृदय कायमचे अशक्त राहिले असे डॉक्टरांनी सांगून ठेवले. घरासमोर उत्तर समुद्र होता. बाख, बीथोव्हन आणि ब्राम्स या तीन ‘ब’कारांच्या पंक्तीत आपला मुलगा चौथा बसावा, अशी आईची उघड महत्त्वाकांक्षा होती. मूल पाचव्या वर्षापासून स्वर कागदावर मांडू लागले, तेव्हा ती महत्त्वाकांक्षा अगदीच वेडी वाटेनाशी झाली.

त्याला घडवले ते मात्र फ्रँक ब्रिज या संगीतकाराने. १९२४ च्या नॉर्विच महोत्सवात ब्रिजची ‘द सी’ ही रचना ऐकून दहा वर्षांचा ब्रिटन हादरून गेला होता. पुढे ब्रिजने त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. रचनेसाठी ब्रिजने असा दुसरा शिष्य घेतला नाही. ही शिकवणी तासन् तास चाले. मुलाने लिहिलेला प्रत्येक स्वरसमूह गुरू स्वतः पियानोवर वाजवून दाखवी, आणि मनात होते ते खरोखर हेच का, असा प्रश्न दर वेळी मुलासमोर ठेवी. जे लिहायचे ते नेमके लिहायचे आणि वाद्याच्या स्वभावाला धरून लिहायचे, ही शिस्त ब्रिटनच्या अंगी तिथे मुरली. ब्रिजकडून त्याने आणखी एक गोष्ट घेतली. पहिल्या महायुद्धाने ब्रिजला कट्टर शांततावादी बनवले होते, आणि ते मत शिष्यानेही आयुष्यभर सोडले नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये १९३० ते १९३३ ही तीन वर्षे गेली. त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. व्हिएन्नाला जाऊन आल्बान बर्गकडे शिकावे अशी त्याची इच्छा होती, पण ती वडीलधाऱ्यांनी मोडून काढली. अधिक मोलाचे शिक्षण मिळाले ते नोकरीत. १९३५ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागात तो संगीत देऊ लागला. स्कॉटलंडकडे रात्रीची टपाल घेऊन धावणाऱ्या आगगाडीवरील ‘नाइट मेल’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला माहितीपट. पैसा थोडा, वादक मोजके आणि वेळ त्याहून कमी, अशा स्थितीत नेमका परिणाम कसा साधायचा, हे तो इथे शिकला. डब्ल्यू. एच. ऑडन हा कवीही तिथेच भेटला. ऑडन वयाने मोठा, बोलण्यात प्रखर आणि मित्रांचे आयुष्य आपणच आखून द्यावे अशा स्वभावाचा. त्याच्या छायेत ब्रिटन काही वर्षे राहिला आणि मग निग्रहाने बाहेर पडला.

१९३७ हे वर्ष वळणाचे ठरले. जानेवारीत आई गेली. वडील तीन वर्षांपूर्वीच गेले होते. त्याच वर्षी पीटर पिअर्स या तरुण टेनर गायकाशी त्याची ओळख झाली. आईच्या वारशातून त्याने स्नेप या खेड्यात एक जुनी पवनचक्की घर म्हणून घेतली. पिअर्सशी झालेली ओळख पुढे सुमारे चाळीस वर्षे टिकलेल्या सहजीवनात बदलली. दोन पुरुषांचे असे नाते इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत कायद्याने गुन्हा होते, त्यासाठी माणसे तुरुंगात जात होती. हे दोघे एकाच घरात राहिले, एकाच व्यासपीठावर गायले-वाजवले, आणि याविषयी जाहीरपणे अवाक्षरही बोलले नाहीत. पिअर्सचा आवाज सर्वांना आवडेल असा नव्हता. त्यात गोडवा कमी आणि धार जास्त होती. ब्रिटनने मात्र त्या आवाजाचा कानाकोपरा ओळखला आणि आपल्या ऑपेरांतील बहुतेक मोठ्या भूमिका त्याच्यासाठीच बेतल्या.

१९३९ च्या एप्रिलमध्ये दोघे अमेरिकेकडे निघाले. ऑडनही तिथे होता. त्याच्या संहितेवर ब्रिटनने ‘पॉल बनियन’ हे आपले पहिले संगीतनाट्य केले. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याचा प्रयोग झाला, समीक्षकांनी ते नापसंत केले आणि ब्रिटनने ते पेटीत टाकले ते जवळजवळ आयुष्याच्या अखेरपर्यंत. क्रॅबवरील तो लेख वाचनात आला तो याच अपयशानंतर. बॉस्टनचा वाद्यवृंद संचालक सर्गेई कूसेविट्स्की याने नव्या ऑपेरासाठी एक हजार डॉलर दिले. मार्च १९४२ मध्ये ब्रिटन आणि पिअर्स एका स्वीडिश मालवाहू जहाजातून परत निघाले. त्या गचाळ जहाजावरच ‘अ सेरेमनी ऑफ कॅरल्स’ या गोड रचनेचा जन्म झाला, ही गंमतच म्हणायची.

इंग्लंडमध्ये उतरल्यावर ब्रिटनला न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धकार्यास नकार देणाऱ्यांना आपली बाजू तिथे मांडावी लागे. प्रथम त्याला बिनलढाऊ सैनिकी काम नेमून देण्यात आले; अपिलानंतर बिनशर्त सूट मिळाली. तो संगीताच्या मैफलींसाठी गावोगाव फिरू लागला. पण ज्यांची मुले आणि भाऊ आघाडीवर होते, त्या शेजाऱ्यांच्या नजरा सुटीच्या हुकमाने बदलत नसतात. आपण समाजात आहोत आणि समाजाचे नाही, ही जाणीव त्याला युद्धाने दिली, तशी त्याच्या घरानेही दिली होती. पुढच्या ऑपेराच्या तळाशी तीच आहे.

मराठी वाचकाला ऑपेरा म्हटले की आपले संगीत नाटक आठवते. फरक मात्र मोठा आहे. संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधून पदे येतात. ऑपेरात बहुधा संवादही गायले जातात, आणि पात्र जे बोलत नाही ते वाद्यवृंद बोलतो. या कलेत इंग्लंडचे घर जवळजवळ रिकामे होते. हेन्री पर्सेल १६९५ मध्ये वारला. त्यानंतरच्या अडीचशे वर्षांत लंडनच्या प्रेक्षकांनी इटालियन, जर्मन आणि फ्रेंच ऑपेरा आवडीने पाहिला, पण जगाच्या रंगभूमीवर टिकून राहील असा इंग्रजी भाषेतला ऑपेरा क्वचितच कोणी लिहिला.

‘पीटर ग्राइम्स’ने ही पोकळी भरली. क्रॅबच्या काव्यातला ग्राइम्स हा हाताखालच्या पोरांना छळणारा निव्वळ क्रूर कोळी आहे. ब्रिटन, पिअर्स आणि संहिताकार माँटेग्यू स्लेटर यांनी त्याला बदलले. ऑपेरातला ग्राइम्स उद्धट आहे, रागीट आहे, हात उगारणारा आहे; पण तो स्वप्न पाहणाराही आहे. त्याच्या बोटीवरचा पोऱ्या समुद्रात दगावतो. चौकशीत तो अपघात ठरतो, तरी गावाने आपला निकाल आधीच दिलेला असतो. एलन ऑर्फर्ड ही विधवा शिक्षिका तेवढी त्याची बाजू घेते. नवा पोऱ्या येतो. एका रविवारी चर्चमधून प्रार्थनेचे सूर ऐकू येत असताना बाहेर किनाऱ्यावर एलनला त्या मुलाच्या अंगावरचा वळ दिसतो. गाव ढोल वाजवत ग्राइम्सच्या झोपडीकडे निघते. त्या घाईत कड्यावरून उतरताना मुलगा कोसळतो. अखेरीस एक म्हातारा खलाशी ग्राइम्सला सांगतो, की बोट खोल पाण्यात ने आणि तिच्यासह बुडून जा. तो तसे करतो. सकाळ होते, माणसे कामाला लागतात, दूर कुठे एक बोट बुडाल्याची बातमी येते आणि कोणी तिकडे फारसे लक्ष देत नाही.

ग्राइम्स दोषी की निर्दोष, याचा निवाडा हा ऑपेरा करीत नाही. मुलांच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्यावरून पुरती पुसली जात नाही, आणि गावाच्या झुंडीलाही क्षमा मिळत नाही. प्रेक्षकाला अस्वस्थ करते ते हेच. अंकांच्या मधल्या जागी येणाऱ्या वाद्यवृंदाच्या तुकड्यांत पहाटेचा, वादळातला, चांदण्यातला समुद्र आहे. लोस्टॉफ्टच्या खिडकीतून पाहिलेला समुद्र असा स्वरांत आला. ७ जून १९४५ रोजी, युरोपातले युद्ध संपून महिनाही झाला नव्हता तोच, लंडनचे सॅडलर्स वेल्स नाट्यगृह या ऑपेराने पुन्हा उघडले. तालमींच्या काळात मंडळीतल्याच काही जणांनी कुरबुर केली होती. संगीत त्यांना कर्कश वाटत होते आणि युद्धास नकार देणारे दोघे पुढे यावेत हेही रुचत नव्हते. पहिल्या प्रयोगाच्या रात्रीनंतर ती कुरबुर कोणाला ऐकू येईनाशी झाली. थोड्याच वर्षांत ‘पीटर ग्राइम्स’ युरोप-अमेरिकेच्या मोठ्या नाट्यगृहांत पोहोचला.

त्याच जुलैमध्ये ब्रिटन व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिनबरोबर पियानोची साथ करीत जर्मनीत गेला. बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर दोघांनी वाजवले. तिथे काय पाहिले याविषयी तो वर्षानुवर्षे बोलला नाही. परतल्यावर लगोलग जॉन डनच्या मृत्यूविषयक सुनीतांना त्याने संगीत दिले, आणि ते ऐकवत नाही इतके काळोखे आहे.

मोठ्या नाट्यगृहांच्या राजकारणाचा वीट आल्याने ब्रिटनने छोटा ऑपेरा शोधून काढला. १९४६ च्या ‘द रेप ऑफ लुक्रीशिया’त डझनभर वादक आणि आठ गायक पुरले. पुढच्या वर्षी ‘आल्बर्ट हेरिंग’ हा निखळ विनोदी ऑपेरा आला. गावात सद्वर्तनी मुलगी मिळेना म्हणून आईच्या पदराखालच्या एका भिडस्त मुलालाच ‘मे महिन्याचा राजा’ करतात, अशी त्याची कथा. या कामासाठी इंग्लिश ऑपेरा ग्रुप स्थापन झाला. पण फिरतीचा खर्च परवडेना. परदेशातल्या एका दौऱ्यात पिअर्सने कल्पना काढली, की आपण आपल्याच गावात महोत्सव का भरवू नये? १९४८ च्या जूनमध्ये पहिला ऑल्डबरा महोत्सव भरला. नाट्यगृह म्हणजे तीनशेच्या आसपास माणसे मावतील असा गावचा ज्युबिली हॉल. एव्हाना ब्रिटन ऑल्डबरात समुद्रालगत राहू लागला होता, आणि ज्या रस्त्यावर राहत होता त्याचे नाव क्रॅब स्ट्रीट.

‘बिली बड’ (१९५१) मात्र मोठ्या आकाराचा आहे. हर्मन मेल्व्हिलच्या कथेवरून त्याची संहिता एरिक क्रोझिअर आणि ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिली. हा तोच फॉर्स्टर, ज्याच्या लेखाने ब्रिटनला घरी आणले. आपल्याकडे तो ‘अ पॅसेज टू इंडिया’चा लेखक म्हणून ओळखला जातो, इंदूरजवळच्या देवास थोरली पाती या मराठी संस्थानात १९२१ मध्ये तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव म्हणून त्याने काम केले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. ‘बिली बड’ घडतो तो १७९७ मधल्या एका युद्धनौकेवर, आणि त्यात एकही स्त्रीचा आवाज नाही. देखणा, निष्पाप, पण बोलताना अडखळणारा बिली हा खलाशी. त्याच्यावर खोटा आरोप करणारा अधिकारी क्लॅगर्ट. आणि सत्य ओळखूनही नियमाप्रमाणे बिलीला फाशी देणारा कप्तान व्हीअर. शिक्षा सांगण्यासाठी व्हीअर बिलीच्या कोठडीत जातो, दार बंद होते आणि रंगमंच रिकामा राहतो. त्या रिकाम्या रंगमंचावर वाद्यवृंद केवळ चौतीस स्वरसंघात एकामागून एक, संथपणे वाजवतो. कोणी गात नाही. आत काय बोलणे झाले ते कधीच कळत नाही. ब्रिटनच्या सगळ्या नाट्यसंगीतात याहून धीट जागा सापडणे कठीण.

१९५३ मध्ये राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या राज्यारोहणानिमित्त ‘ग्लोरियाना’ आला. प्रेक्षागृहात राजदूत, मंत्री आणि दरबारी. त्यांना सोहळ्याचे संगीत हवे होते. ब्रिटनने दाखवली ती पहिली एलिझाबेथ, वृद्ध होत चाललेली, केसांचा टोप उतरलेली, प्रियजनाच्या मृत्यूच्या आदेशावर सही करणारी. हातमोज्यांतल्या टाळ्या फार वाजल्या नाहीत. वर्तमानपत्रांतून टीका झाली आणि हा ऑपेरा अनेक वर्षे मागे पडला. त्याची योग्यता नंतरच्या पिढीला कळली.

पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ रंगभूमीवर आला. हेन्री जेम्सच्या भुताच्या गोष्टीवरचा हा ऑपेरा बांधणीच्या दृष्टीने ब्रिटनचा सर्वांत घट्ट ऑपेरा मानावा लागेल. बारा स्वरांची एक मालिका, तिचे पंधरा विस्तार आणि त्यांच्यामधले प्रसंग, असा त्याचा सांगाडा. आडबाजूच्या वाड्यात दोन अनाथ मुले, त्यांना सांभाळायला आलेली शिक्षिका आणि मेलेल्या नोकरांच्या सावल्या. भुते खरी की शिक्षिकेच्या मनातली? या शंकेपेक्षा भयंकर आहे ते मुलांचे त्यांच्याकडे ओढले जाणे.

निष्पापपणाचा नाश हा विषय ब्रिटनकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचे कारण त्याच्या आयुष्यातही होते. त्याला किशोरवयीन मुलांची ओढ होती. अनेक मुलांशी त्याची मैत्री जडे आणि ती वयात आली की बहुधा विरून जाई. त्याच्या मृत्यूनंतर चरित्रकारांनी याचा कसून शोध घेतला. वागणुकीत अनुचित घडल्याचे त्यांतल्या बहुतेकांनी नाकारले. ‘टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये माइल्सची भूमिका गायलेला आणि पुढे नट झालेला डेव्हिड हेमिंग्ज हाही त्यांपैकीच. तरीही ही ओढ धोक्याची आहे हे ब्रिटनला ठाऊक होते, आणि ते त्याने आपल्या ऑपेरांत लपवले नाही. माणूस म्हणून तो आणखी एका बाबतीत सोपा नव्हता. जवळचे सहकारी तो अचानक दूर करी. ऑडन गेला, स्लेटर गेला, क्रोझिअरही गेला. काहींना आपले काय चुकले हे कधी समजले नाही.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात ब्रिटन आणि पिअर्स आशियाच्या लांब दौऱ्यावर निघाले. भारतात त्यांनी पंडित रविशंकरांची सतार ऐकली. बालीमध्ये गामेलान या धातूच्या तालवाद्यांच्या मेळाने ब्रिटनला झपाटले. टोकियोत त्याने ‘सुमिदागावा’ हे नो नाटक पाहिले. हरवलेल्या मुलाच्या शोधात वेडी झालेली आई नदीकाठी येते आणि तिला त्याची कबर सापडते, एवढेच त्याचे कथानक. त्या नाटकाचे बीज आठ वर्षे मनात राहिले आणि १९६४ मध्ये ऑर्फर्डच्या चर्चमध्ये ‘कर्ल्यू रिव्हर’ झाला. नदी सफकच्या दलदलीतली, नट ख्रिस्ती मठातले साधू, आईची भूमिका करणारा पिअर्स, आणि वाद्यवृंदाला संचालकच नाही.

याच ऑर्फर्डच्या चर्चमध्ये १९५८ साली ‘नोइज फ्लड’ सादर झाला होता. नोहाच्या जलप्रलयाचे हे मध्ययुगीन नाटक ब्रिटनने मुलांच्या हाती दिले. प्राण्यांच्या वेषातली मुले बिगुलाच्या आवाजात नौकेत शिरतात. पावसाचे पहिले थेंब पडतात ते दोरीला टांगलेल्या चहाच्या कपांवर लाकडी चमचा मारून. वादळ शिगेला पोहोचते तेव्हा जमलेले सगळे लोक उठून परिचित स्तोत्र गाऊ लागतात. शिकाऊ वादकाला झेपेल असे लिहायचे आणि तरी संगीताचा दर्जा तसूभर उतरू द्यायचा नाही, ही गोष्ट विसाव्या शतकात फार थोड्यांना जमली.

कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल १९४० च्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले होते. शेजारी नवे बांधले गेले, आणि ३० मे १९६२ रोजी तिथे ‘वॉर रिक्विएम’ गायला गेला. हा ऑपेरा नव्हे, पण यातले नाट्य कमी नाही. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेच्या मधून पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या विल्फ्रेड ओवेनच्या कविता येतात. इंग्रज पिअर्स, जर्मन डिट्रिख फिशर-डिस्काउ आणि रशियन गालिना विश्नेव्स्काया यांनी एकत्र गावे अशी योजना होती. सोव्हिएत सरकारने विश्नेव्स्कायाला येऊ दिले नाही आणि तिची जागा आयत्या वेळी हेदर हार्परने घेतली. वीस वर्षांपूर्वी न्यायाधिकरणापुढे उभा राहिलेला माणूस आता राष्ट्राच्या शोकाला स्वर देत होता. विश्नेव्स्कायाचा पती, चेलोवादक रोस्त्रोपोविच, आणि शोस्ताकोविच यांच्याशी त्याची मैत्री शीतयुद्धाच्या भिंती ओलांडून टिकली. शोस्ताकोविचने आपली चौदावी सिंफनी ब्रिटनला अर्पण केली.

महोत्सवाला ज्युबिली हॉल अपुरा पडू लागला, तेव्हा स्नेपमध्ये दारूसाठी सातू भिजवण्याच्या जुन्या कोठारांतून सुमारे ८०० आसनांचे सभागृह उभारण्यात आले. १९६७ मध्ये राणीने त्याचे उद्घाटन केले. दोनच वर्षांनी, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री, ते जळून खाक झाले. ब्रिटनने महोत्सव थांबवला नाही. मोत्सार्टचा ऑपेरा जवळच्या चर्चमध्ये हलवला. वर्षभरात सभागृह पुन्हा उभे राहिले आणि राणी पुन्हा आली.

दूरचित्रवाणीसाठी लिहिलेला ‘ओवेन विंग्रेव्ह’ (१९७१) युद्धविरोधी आहे, पण त्यात नाट्यापेक्षा युक्तिवाद जास्त. ‘डेथ इन व्हेनिस’ची गोष्ट वेगळी. टोमास मानच्या कथेतला थकलेला लेखक आशेनबाख व्हेनिसमध्ये ताड्झिओ या मुलाच्या सौंदर्यात गुंतत जातो आणि पटकीच्या साथीतही शहर सोडत नाही. ताड्झिओ गात नाही, केवळ नाचतो, आणि त्याच्याभोवती बालीच्या गामेलानची आठवण देणारी तालवाद्ये झणझणतात. ब्रिटनचे हृदय एव्हाना साथ सोडू लागले होते. शस्त्रक्रिया लांबवून त्याने हा ऑपेरा पुरा केला. मे १९७३ मध्ये हृदयाची झडप बदलण्यात आली. त्या वेळी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन उजवा हात दुबळा झाला. अप्रतिम पियानोवादक असलेला ब्रिटन पुन्हा लोकांसमोर वाजवू शकला नाही. जूनमध्ये पहिला प्रयोग झाला, पिअर्स आशेनबाख झाला, आणि ज्याने ते लिहिले तो हजर नव्हता.

उरलेल्या तीन वर्षांत तो थोडे थोडे लिहीत राहिला. तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या शेवटच्या भागासाठी तो चाकाच्या खुर्चीतून व्हेनिसला जाऊन आला. १९७६ मध्ये ‘पॉल बनियन’ पेटीतून बाहेर निघाला आणि ऑल्डबराच्या महोत्सवात सादर झाला. त्याच उन्हाळ्यात ब्रिटनला उमरावपद मिळाले. संगीतकाराला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ. ४ डिसेंबर १९७६ रोजी पहाटे ऑल्डबराच्या ‘रेड हाउस’मध्ये पिअर्सच्या बाहूंत त्याने प्राण सोडला. राणीने सांत्वनाचा संदेश पाठवला तो पिअर्सच्या नावे. वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा देऊ करण्यात आली होती, पण त्याला ऑल्डबराच्याच मातीत राहायचे होते. गावच्या चर्चच्या आवारात कबर खणली गेली, तिला आतून स्नेपच्या दलदलीतल्या लव्हाळ्याचे अस्तर लावण्यात आले. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, पिअर्सला शेजारी पुरले. दोन्ही कबरींचे दगड एकाच धाटणीचे आहेत.